हाकेपलीकडचा शेजार
थरच्या वाळवंटातील ढाण्यांवर माणसे कशी राहतात?

तुमच्यापैकी पुष्कळजण गावठाण सोडून शेतातल्या वस्तीवर राहायला गेले असतील. जनावरांची सोय होते, पिकाची राखण होते, जाण्यायेण्याचा हेलपाटा वाचतो. वस्तीवर गावातला गलका नसतो. तरीही शेजारची वस्ती हाकेच्या अंतरावर असते. रात्रीअपरात्री कोणी आजारी पडले, तर बांधावर उभे राहून हाक घातली की चार माणसे धावत येतात.

आता अशी वस्ती डोळ्यांपुढे आणा, की जिथून शेजारचे घर मैलभर, कधी दोन मैल लांब आहे. मध्ये ओढा नाही, विहीर नाही, रस्ता नाही. नुसती वाळू, मधूनच एखादे झाड आणि वर मोकळे आभाळ. पश्चिम राजस्थानात जैसलमेर, बाडमेर, फलोदी या भागांत शेतकरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या अशीच राहत आली आहेत. तिकडे अशा वस्तीला 'ढाणी' म्हणतात. आपल्याकडे 'पाटील वस्ती', 'माळी वस्ती' म्हणतात ना, तशीच तिकडे अमक्याची ढाणी, तमक्याची ढाणी.

आपली माणसे सहलीला जैसलमेरला जातात. पिवळ्या दगडाचा किल्ला पाहतात, उंटावर बसतात, वाळूत उभे राहून फोटो काढतात आणि परत येतात. त्यांना वाळवंट दिसते, पण त्यात राहणारा शेतकरी दिसत नाही. खरे तर तुम्हाआम्हाला ओळख करून घ्यायची ती त्याचीच. तो आपल्यासारखाच बाजरी आणि मटकी पेरणारा, शेळ्या-मेंढ्या राखणारा आणि पावसाची वाट पाहणारा माणूस आहे.

घरे इतकी लांब का?

जैसलमेर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ३८ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. आपला सातारा जिल्हा साडेदहा हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे जैसलमेरमध्ये साडेतीन सातारे मावतील. पण २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या ३० लाख होती आणि जैसलमेरची पावणेसात लाखांनाही थोडी कमी. साताऱ्यात एका चौरस किलोमीटरला २८७ माणसे, तर जैसलमेरला १७.

याचे कारण पाण्यात आहे. जैसलमेरकडे वर्षाला १५० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सहा ते आठ इंच. आपल्या माण, आटपाडीकडे चारशे ते पाचशे मिलिमीटर पडतो आणि त्यालाही आपण दुष्काळी पट्टा म्हणतो. शिवाय तिकडची हवा इतकी कोरडी, की उघड्यावर ठेवले तर वर्षभरात पावसाच्या दसपटीहून अधिक पाणी उन्हाने उडून जाईल.

एवढ्या थोड्या पावसावर एका जागी दोनशे घरे बसली, तर चारा चार महिन्यांत संपेल आणि पाणी त्याच्याही आधी. म्हणून माणसे पांगून राहिली. ज्याच्या वाट्याला जेवढे रान, तेवढ्यात त्याने घर बांधले, गुरे राखली आणि त्याच रानावर पडणारे पाणी अडवले. ढाणीवरची शांतता अशी हिशेबातून आलेली आहे. तिथे माणूस कमी दिसतो, कारण जमीन तेवढीच माणसे पोसू शकते, आणि हे तिथल्या लोकांना फार पूर्वी कळलेले आहे.

झोंपा आणि बाड

ढाणीवरचे जुने घर गोल असते. मातीची गोल भिंत आणि तिच्यावर सूपासारख्या उताराचे, टोकदार शाकारलेले छप्पर. छपराला बाजरीची सरमाडे, सेवण गवत किंवा खींप नावाच्या झुडपाच्या काड्या वापरतात. या घराला झोंपा म्हणतात. गोल का, तर तिकडे उन्हाळ्यात आंधी येते, म्हणजे वाळूचे वादळ. चौकोनी भिंतीवर वारा आदळतो आणि वाळू साचते. गोल भिंतीला तो वळसा घालून जातो. जाड मातीची भिंत दुपारचे ऊन आत येऊ देत नाही.

ऊन किती, तर फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याच वाळूला रात्री मात्र लवकर गारवा येतो. म्हणून उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपायचे आणि थंडीत आत, असा क्रम. पावसाळी ढग नसले, की रात्री चांदणे एवढे दाट दिसते की वेगळा दिवा लावावासा वाटू नये.

घराभोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण, त्याला बाड म्हणतात. आत एक-दोन झोंपे, धान्याची कणगी, शेळ्यांचा वाडा आणि पाण्याच्या घागरी ठेवण्याची घडवंची. तिला तिकडे परींडा म्हणतात आणि ती जागा देवघरासारखी सोवळ्याने राखतात. भांडी राखेने किंवा कोरड्या वाळूने घासून पुसून ठेवतात. अंघोळ बाजेवर बसून करायची आणि खाली परात ठेवून ते पाणी गोळा करायचे, अशी पद्धत जुन्या लोकांत होती. ते पाणी पुन्हा दुसऱ्या कामाला येई.

वर्षाचे पाणी अंगणात

वाचकहो, या लेखातील मुख्य गोष्ट ही आहे. ती नीट ध्यानात घ्या.

ढाणीच्या अंगणात किंवा शेजारच्या रानात एक गोल, वरून झाकलेली टाकी जमिनीत पुरलेली दिसते. तिला टांका म्हणतात. आपल्या गडकिल्ल्यांवर पाण्याची टाकी असतात, त्याच कुळातली ही. पूर्वी चुन्याने लिंपत, आता सिमेंटने बांधतात. भोवतालची जमीन चोपून, टाक्याच्या दिशेने चारी बाजूंनी हलका उतार देऊन घट्ट करतात. या चोपलेल्या अंगणाला आगोर म्हणतात. पाऊस पडला की आगोरावरचे पाणी उतरून टाक्याच्या झरोक्यातून आत जाते. झरोक्याला जाळी असते, म्हणजे काडी-कचरा, साप, उंदीर आत जात नाही.

आता हिशेब करू. दहा फूट रुंद आणि दहा फूट खोल गोल टाक्यात सुमारे २१ हजार लिटर पाणी मावते. घरात सहा माणसे आहेत आणि प्रत्येकाला पिण्यास व स्वयंपाकास मिळून रोज १० लिटर पाणी लागते असे धरा. म्हणजे दिवसाला ६० लिटर. २१ हजार भागिले ६०, म्हणजे ३५० दिवस. टाके एकदा भरले की घराचे पिण्याचे वर्ष निघाले.

ते भरायला आगोर किती हवे? एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. पाऊस १५० मिलिमीटर पडला आणि त्यातला निम्मा जमिनीत मुरला असे समजा. तरी प्रत्येक चौरस मीटरमागे ७५ लिटर मिळतात. २८० चौरस मीटर आगोर पुरे, म्हणजे पावणेतीन गुंठ्यांच्या जवळपास. पावणेतीन गुंठे जमीन स्वच्छ राखली, तर वाळवंटातले सहा माणसांचे घर वर्षभर पाणी पिते. जोधपूरला १९५९ पासून असलेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे 'काजरी'ने, हे जुने टाके सुधारून २१ हजार लिटरचा नमुना तयार केला, तोही याच हिशेबावर.

पण आगोर राखणे म्हणजे नुसते झाडणे नव्हे. त्यावर चपला घालून जायचे नाही, गुरे बांधायची नाहीत, लहान मुलांना बसवायचे नाही. पावसाच्या आधी ते खरवडून, झाडून साफ करायचे. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर जाऊ द्यायचे. टाक्यात उतरून पाणी भरायचे नाही, वरून दोरी-बादलीने शेंदायचे. या शेवटच्या नियमाचे मोल आपल्या जुन्या पिढीला सांगायला नको. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरले की नारू होई, हे आपल्याकडेही पुष्कळ गावांनी भोगले आहे. राजस्थानला तर नारूने फार छळले. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानातच आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. पाण्यात पाय न घालण्याची शिस्त लोकांनी पाळली, त्याचा त्यात मोठा वाटा होता.

काही भागांत दुसरीही तऱ्हा आहे. तिथे वाळूखाली काही हातांवर जिप्समचा थर असतो. पावसाचे पाणी वाळूत मुरते, पण हा थर ओलांडून खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वाळूतच ओल होऊन राहते. तिथे माणूस जेमतेम मावेल अशी अरुंद, खोल कुई खणतात. खणणाऱ्याला खाली उकडू नये म्हणून वरची माणसे मूठमूठ वाळू खाली टाकत राहतात, तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते. ओल थेंबाथेंबाने पाझरते आणि दिवसाकाठी दोन-तीन घागरी गोड पाणी मिळते. कुई ज्याची त्याची असते, पण नवी कुई खणायला गावाची संमती लागते. कारण ओल सगळ्यांची एकच, छिद्रे वाढली तर प्रत्येकाच्या घागरीत कमी पडणार. अनुपम मिश्र यांनी १९९५ साली 'राजस्थान की रजत बूँदें' या हिंदी पुस्तकात या साऱ्या विद्येची मोठ्या जिव्हाळ्याने नोंद केली आहे.

रान, झाड आणि जनावर

ढाणीचा शेतकरी खरिपाला बाजरी, मटकी, गवार आणि तीळ एकत्र पेरतो. एखादे पीक गेले तर दुसरे तरी हाती लागावे, हा विचार आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ओळखीचाच वाटेल. दाणा कमी झाला तरी सरमाड मिळावे, अशी त्याची पहिली अपेक्षा असते. कारण तिकडे खरा संसार चालतो तो जनावरांवर. थारपारकर गाय, शेळ्या, मेंढ्या हे त्याचे बँकेतले पैसे.

शेतात मधूनमधून खेजडीची झाडे उभी असतात. हे झाड तुम्ही ओळखता. दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी, म्हणजेच खेजडी. भर उन्हाळ्यात, सगळे करपलेले असताना, तिला नवी पालवी येते. थंडीत तिच्या फांद्या छाटून पाला वाळवतात, तो शेळ्यांचा चारा. शेंगांना सांगरी म्हणतात, त्या वाळवून वर्षभर भाजीला ठेवतात. आपल्या माळावर नेपतीचे झुडूप असते, तिकडे त्याला केर म्हणतात. त्याची फळे खारवून, वाळवून सांगरीत मिसळली की झाली केर-सांगरीची भाजी. ताकात बाजरीचे पीठ शिजवून केलेली राब म्हणजे आपली अंबीलच.

खेजडीच्या सावलीत बाजरी मरत नाही, उलट चांगली येते, असा तिकडचा अनुभव आहे. या झाडासाठी माणसांनी प्राण दिले आहेत. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात राजाची माणसे झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्या पाठोपाठ बिश्नोई समाजातील लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले. ३६३ जण मारले गेले, असे सांगतात. झाड गेले तर ढाणी उठते, हे त्यांना ठाऊक होते.

गावोगावी देवाच्या नावाने राखलेले रान असते, त्याला ओरण म्हणतात. आपल्या देवराईचे ते भावंड. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, पण गुरे चारायला मोकळीक. दुष्काळात ओरणातला चारा हाच शेवटचा आधार.

शेजारधर्म

घरे लांब असली म्हणजे माणसे तुटक असतात असे समजू नका. जिथे शेजारी मैलावर असतो, तिथे त्याची किंमत जास्त असते.

आपल्याकडे इर्जिक घालण्याची चाल होती. एकाच्या रानात सगळ्यांनी आपापली बैलजोडी घेऊन जायचे, काम उरकायचे आणि त्याने सर्वांना जेवण घालायचे. तिकडे यालाच ल्हास म्हणतात. कापणी असो, झोंप्यावर नवे छप्पर घालणे असो, की टाक्यातला गाळ काढणे असो, निरोप गेला की ढाण्याढाण्यांवरून माणसे येतात. मजुरीची बोली नसते. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे.

पाण्याचेही तसेच. एखाद्याचे टाके तडकले किंवा आधीच रिते झाले, तर शेजारी आपल्या टाक्यातून घागरी देतो. पण घेणारा मोजून घेतो आणि पाऊस झाला की ध्यानात ठेवून फेडतो. वाटसरूला पाणी विचारायचे नसते, ते आधीच पुढे करायचे असते. घरी शंभर घागरी शिल्लक असोत की चार, हा नियम बदलत नाही.

वाळूवर पाऊल उमटते. सकाळी उठून बाई अंगण झाडते तेव्हा रात्री कोण आले, कोणती शेळी कुठे गेली, साप सरपटला का, हे तिला वाचता येते. दोन दिवस एखाद्या ढाणीवर धूर दिसला नाही, तर पलीकडच्या ढाणीवरून कोणीतरी चौकशीला निघते. आपल्या दाट वस्तीत भिंतीला भिंत लागून असते आणि पलीकडे कोण आजारी आहे हे आठवडाभर कळत नाही, असेही घडते. याचा विचार करण्यासारखा आहे.

शांततेची किंमत

एवढे वाचून कोणाला वाटेल, की किती सुखाचे हे जगणे! तसेही नाही.

ढाणीवर साप चावला, तर दवाखाना कित्येक कोस लांब. कोकणात फुरसे जसे भिंतीच्या फटीत दडते, तसे तिकडे ते वाळूत आणि झुडपांच्या बुडाशी असते. मण्यार जातीचा साप रात्री उबेला अंथरुणाजवळ येतो. त्याला तिकडे पीवणा म्हणतात आणि तो छातीवर बसून श्वास पितो असा समज आहे. वास्तविक तो चावतो, पण चावल्याची वेदना फारशी होत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. मंत्रतंत्रात वेळ गेला की माणूस गेला. बाळंतीण अडली तरी हीच गत. शांत रात्री हाक लांब जाते हे खरे, पण दवाखान्यापर्यंत जात नाही.

शाळेचेही तेच. लांबची शाळा म्हटले की आधी मुलगी घरी राहते. २०११ च्या जनगणनेत जैसलमेर जिल्ह्यातल्या निम्म्याहूनही कमी स्त्रियांना लिहितावाचता येत होते. ज्या घरी टाके नव्हते, तिथल्या सासूसुना पहाटे अंधारात उठून कोसभर लांबून पाणी आणत. लहान मुली त्यांच्याबरोबर अर्ध्या घागरी घेऊन चालत. अंगणात टाके झाले, तेव्हा त्या घरातल्या बाईचे रोजचे तीन-चार तास वाचले. टाक्याचा हिशेब करताना हाही लाभ धरला पाहिजे.

दुष्काळ तर पाचवीलाच पुजलेला. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० सालच्या 'छप्पनिया' दुष्काळाचे नाव तिकडे अजून घेतले जाते. आपण १९७२ चा दुष्काळ आठवतो तसेच. पाऊस दडी मारतो तेव्हा पुरुष मेंढरे घेऊन माळव्याकडे निघतात आणि ढाणीवर म्हातारी माणसे, बायका आणि मुले उरतात. आपले धनगर बांधव मेंढरे घेऊन घाट उतरतात, तेव्हा मागे वाड्यावर काय होते, ते ज्याने पाहिले असेल त्याला ती शांतता कळेल.

एक गोष्ट आपल्या अभिमानाची सांगतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कल्पना रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे २००५ साली तिच्याच धर्तीवर देशाचा कायदा झाला आणि त्यातून बाडमेर जिल्ह्यात घरोघर टाकी बांधली गेली. आपल्या दुष्काळात उगवलेले बी असे वाळवंटात जाऊन फळले.

आता काय चालले आहे?

ढाणी आज पूर्वीसारखी राहिलेली नाही. वीज आली, मोबाइल आला, पुष्कळ ठिकाणी पक्की घरे झाली. १९५८ साली पंजाबातील हरिके येथून जो राजस्थान कालवा काढायला घेतला, त्याचे पाणी १९८७ साली जैसलमेर जिल्ह्यात पोहोचले. त्याला आता इंदिरा गांधी कालवा म्हणतात. वाळूत गहू, मोहरी आणि हरभरा डुलू लागला. हे लहान काम नव्हे. पण वरच्या भागात, गंगानगर-हनुमानगडकडे, पाणी वाजवीपेक्षा जास्त दिल्याने जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या. आपल्या कृष्णाकाठच्या उसाच्या मळ्यांनी जे भोगले तेच.

नळाचे किंवा टँकरचे पाणी येऊ लागले, तिथे आगोर झाडायला कोणाला सवड राहिली नाही. टाके आहे, पण ते टँकरचे पाणी साठवायला. नळ बंद पडला की मग जुनी आठवण येते.

वाळूखालचा जिप्समचा थर सुखात पाणी राखतो, पण तोच एकदा संकटही झाला. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेरकडे थोड्या दिवसांत वर्षाच्या सरासरीहून कितीतरी जास्त पाऊस कोसळला. कवास गाव बुडाले. थरामुळे पाणी जमिनीत मुरेना, आणि कित्येक महिने ते तिथेच उभे राहिले. २०१९-२० मध्ये टोळधाड आली, जैसलमेर-बाडमेरची पिके फस्त झाली. मे २०२० मध्ये तीच टोळ आपल्या विदर्भापर्यंत येऊन पोहोचली. वाळवंट आपल्याला वाटते तेवढे लांब नाही.

फलोदीकडे भाडला येथे १४ हजार एकरांच्या आसपास सौर विजेचे मोठे केंद्र उभे राहिले आहे. देशाला वीज हवी, हे खरे. पण ज्या रानाला कागदावर 'पडीक' म्हणतात, ते तिथल्या शेळीचे गायरान असते आणि पुष्कळदा ओरण असते. ओरणे वाचवण्यासाठी तिथल्या लोकांना पायी मोर्चे काढावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा देवरानांची पाहणी करून त्यांना जंगल म्हणून नोंदवण्याचा आदेश दिला. विजेच्या तारांवर आपटून गोडावण पक्षी मरतात, हाही प्रश्न आहे. गोडावण म्हणजे आपला माळढोक. त्याच्यासाठी आपण सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य केले, पण माळ राखता आला नाही आणि पक्षी आपल्याकडून जवळजवळ गेलाच. वाळवंटातले गवताळ रान हा त्याचा शेवटचा मोठा आसरा आहे.

आपल्या घरचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले, ते तुम्हाला आठवत असेल. लातूरचा सरासरी पाऊस जैसलमेरच्या चौपट आहे. लागोपाठ पावसाने दगा दिला होता, आणि शहराची तहान ढाणीपेक्षा निराळी असते, हे मान्य. तरी चौपट पावसाच्या मुलखात आगगाडीने पाणी आणावे लागते, तेव्हा नुसत्या पावसाला बोल लावून भागत नाही. पडलेले पाणी कुठे ठेवले आणि कोणत्या पिकाला घातले, हेही विचारावे लागते.

ढाणीवाल्याचे सगळेच आपल्याला घेता येणार नाही, आणि घ्यायचेही कारण नाही. पण त्याची मोजण्याची सवय घेता येईल. तुमच्या घरावर पत्रा असेल आणि घर तीस फूट लांब, वीस फूट रुंद असेल, तर ते सहाशे चौरस फूट, म्हणजे ५५ चौरस मीटरांहून थोडे अधिक झाले. साडेचारशे मिलिमीटर पावसात त्यावर सुमारे २५ हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी २० हजार लिटर उरतात. दहा हजार लिटरचे दोन टँकर तुमच्या पत्र्यावरून दरवर्षी ओघळून अंगणाबाहेर जातात. वळचणीला पन्हळ लावावी, पहिला पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्यावा, मग गाळणीतून झाकणाच्या टाकीत घ्यावे. टाकीत ऊन शिरू देऊ नये, डासांना वाट ठेवू नये, पाणी उकळून किंवा औषध टाकून प्यावे.

येत्या रविवारी मुलांना हाताशी घेऊन टेपाने घर मोजा आणि हा हिशेब त्यांच्याकडूनच वहीत करवून घ्या. आपल्या तालुक्याचा पाऊस तलाठ्याकडे किंवा कृषी सहायकाकडे विचारला तर कळेल. आकडा निघाला की तो शेजारच्या वस्तीवरही सांगा. टाकी बांधायची झाली, तर दोन्ही घरांनी मिळून इर्जिक घाला, म्हणजे खड्ड्याची मजुरी वाचेल.